वार आणि वाड : तेलुगू आडनावांची परभणीतून पुढची वाट



आजचा विषय मी मुद्दाम आपल्या बाजारपेठेतून उचलला आहे. परभणीच्या मोंढ्यात, स्टेशन रोडवर, मानवतला, गंगाखेडला दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेलं की दोन प्रकारची आडनावं पुन्हा पुन्हा दिसतात. एक '-कर'ने संपणारी, दुसरी '-वार'ने. '-कर' आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. वरपूडचे वरपूडकर, दुधगावचे दुधगावकर, बोर्डीचे बोर्डीकर. जिल्ह्याच्या राजकारणाने ही गावं महाराष्ट्राला पाठ करून दिली आहेत. 2020 साली करोनाच्या पहिल्या महिन्यांत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर दूरचित्रवाणीवर दिसू लागले, तेव्हा जनाबाईंच्या गंगाखेडचं नाव साऱ्या देशाच्या कानी गेलं. कोकणातले बेने इस्रायल तर हाच '-कर' घेऊन इस्रायलपर्यंत गेले. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं आज हिब्रू अक्षरांत लिहिली जातात आणि त्या माणसांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

'-कर'चा हिशेब सरळ आहे. माणूस गाव सोडतो, तेव्हा गावाचं नाव त्याला चिकटतं. '-वार'चा हिशेब मात्र आपल्याकडे फारसा कुणी मांडलेला नाही. कोत्तावार, चिंतावार, मामीडवार, पेद्देवार, कोंडावार, गादेवार ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी राहतात, आपल्यासारखीच मराठी बोलतात, मराठीत भांडतात, मराठीत कीर्तनाला बसतात. त्यांच्या आडनावात मात्र दुसऱ्या एका भाषेचा शिष्टाचार जसाच्या तसा शिल्लक आहे. तो तिथे कसा आला, परभणीच्या पट्ट्यात त्याचं काय झालं आणि आता तो परदेशी कसा निघाला आहे, हे मला आज सांगायचं आहे.

तेलुगू घरात आडनावाला 'इंटिपेरु' म्हणतात, म्हणजे घराचं नाव. ते माणसाच्या नावाच्या आधी येतं आणि रोजच्या व्यवहारात बहुधा आद्याक्षरापुरतंच उरतं. त्या घराबद्दल आदराने बोलायचं झालं की घराच्या नावापुढे 'वारु' लागतं. कोत्त घराणं असेल तर 'कोत्तवारु', म्हणजे कोत्त घरची मंडळी. षष्ठीत त्याचंच 'वारि' होतं. तेलुगू लग्नपत्रिकांवर घराण्याचं नाव आजही 'वारि' लावून छापलेलं असतं. आता कल्पना करा, असं एक घर गोदावरीकाठी वर सरकत आपल्या गावात येतं. त्यांचेच सोबती त्यांना 'कोत्तवारु' म्हणतात. मराठी कान ते ऐकतो, शेवटचा उकार गळतो आणि पाटलाच्या चावडीत 'कोत्तावार' लिहिलं जातं. मग मराठी रीतीप्रमाणे हे नाव पुढून मागे जातं. जे घराचं नाव आरंभी असायचं, ते शेवटी येऊन आडनाव होतं.

घरांची नावं तरी कशी? कोत्त म्हणजे नवं, पेद्द म्हणजे थोरलं, चिन्न म्हणजे धाकटं, येर्र म्हणजे तांबडं, कोंड म्हणजे डोंगर, मामिडि म्हणजे आंबा, चिंत म्हणजे चिंच. प्रत्येक घराची स्वतःची आख्यायिका वेगळी असू शकते आणि ती त्या घराकडूनच ऐकावी. पण नुसती यादी डोळ्यांसमोर ठेवली तरी एक जुनं गाव उभं राहतं. चिंचेखालचं घर, आंब्याजवळचं घर, नवं घर, थोरल्यांचं घर. आपल्याकडे वडगावकर, पिंपळकर होतात, तेच हे.

एक खुलासा इथेच करून टाकतो, कारण प्रश्नोत्तरांत तो हमखास येतो. पवारांच्या शेवटी जो 'वार' ऐकू येतो त्याचा याच्याशी संबंध नाही. ते परमारांकडून आलेलं वेगळं कूळ आहे. सीमाभागातल्या कानडी घराण्यांत '-अन्नवर'ने संपणारी जी आडनावं असतात, ती मात्र आपल्या विषयाची सख्खी भावंडं आहेत. कानडीतला 'अवरु' आणि तेलुगूतला 'वारु' दोन्ही आदरार्थीच.

आता ही माणसं आली कधी? परभणीकडे तेलुगू देशातून येणारी वाट फार जुनी आहे. परभणीत सापडलेला एक ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला माहीत आहे. तो शके 888 चा, म्हणजे इसवी सन 966 चा. दान देणारा राजा वेमुलवाड्याच्या चालुक्य घराण्यातला तिसरा अरिकेसरी. वेमुलवाडा आज तेलंगणात आहे. दान मिळालं ते सोमदेवसूरी या जैन आचार्यांना, ज्यांनी 'यशस्तिलक' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. ताम्रपट हातात धरून नेता येतो. तो सापडला तिथेच दिला गेला असं नसतं. पण वेमुलवाड्याच्या एका जिनालयाचं दानपत्र परभणीत येऊन राहतं, यावरून या दोन प्रदेशांत माणसांची ये-जा होती एवढं तरी मान्य करावं लागतं.

त्याहून विलक्षण गोष्ट पाथरीची आहे आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये शिकवली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन. इतिहासकार फरिश्ता त्याची हकीकत सांगतो ती अशी. विजयनगरच्या मुलखात एक ब्राह्मण मुलगा होता, नाव तिमाप्पा, बापाचं नाव भैरव. अहमदशहा बहमनीच्या फौजेने त्याला लहानपणी पकडून आणलं, मुसलमान केलं, हसन नाव ठेवलं आणि शहाजाद्याबरोबर शिकायला बसवलं. लोक त्याला बापाच्या नावाने, भैरवाचा हसन म्हणून ओळखत. शहाजाद्याच्या जिभेवर 'भैरू' नीट बसेना. त्याचं झालं 'बहरी'. फारसीत बहरी म्हणजे शिकारी ससाणा. हसन पुढे बहमनी राज्याचा मोठा सरदार झाला, त्याचा मुलगा अहमद याने 1490 मध्ये स्वतंत्र राज्य स्थापलं आणि 'बहरी' हे त्या राजघराण्याचं नाव म्हणून मिरवलं.

यात पाथरी कुठे आली? फरिश्ताच सांगतो की तिमाप्पाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. तिथून ते विजयनगरकडे गेले होते. म्हणून अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाकडे पाथरीची मागणी केली. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्याने पाथरी लढून घेतली आणि ते गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिलं. एका सुलतानाने पूर्वजांच्या गावासाठी युद्ध केलं, ते गाव म्हणजे आपली पाथरी. पाथरीचं कुळ दक्षिणेत जातं, तिथे पोराचं नाव तिमाप्पा होतं, बापाचं मराठमोळं नाव दरबारातल्या एका मुलाच्या तोंडून वळण घेतं आणि त्याचंच राजघराण्याचं नाव बनतं. आडनावं कशी घडतात याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. नाव बापाचं, उच्चार परक्याचा, आणि मान काळाने दिलेला.

निजामशाहीनंतर मुघल, आणि 1724 पासून हैदराबादचा निजाम. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली तोवर मराठवाडा, तेलंगण आणि कानडी जिल्हे एकाच दरबाराखाली होते. त्या सव्वादोनशे वर्षांत नांदेड-परभणीच्या माणसाला निजामाबाद-करीमनगर परमुलूख वाटत नव्हतं. धान्य, तूप, सरकी, कापूस, किराणा यांचा व्यापार करणारे कोमटी, म्हणजे आजचा आर्यवैश्य समाज, याच सलग मुलखात वर सरकले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाईन सिकंदराबादहून नांदेड, परभणी करत मनमाडला जोडली गेली. मानवत, सेलू ही कापसाची गावं त्या वाटेवर आली आणि वखारींना, जिनिंगना, आडतींना माणसं लागली. आर्यवैश्यांची कुलदेवता वासवी कन्यका परमेश्वरी. तिचं मूळ स्थान पेनुगोंडा हे गोदावरीच्या मुखाकडच्या जिल्ह्यात आहे. वैशाख शुद्ध दशमीला तिची जयंती मराठवाड्यातही होते. समाजाची एकशे दोन गोत्रं मानली जातात आणि सोयरीक ठरवताना ती आजही पाहिली जातात. भाषा बदलली, गोत्र नाही बदललं.

मात्र '-वार' म्हणजे कोमटी असं समीकरण मांडू नका. ते चूक आहे. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार, ज्यांच्या नावाचं कन्नमवार नगर मुंबईत विक्रोळीला आहे, ते चंद्रपूरकडचे आणि बेलदार समाजातले. 1962 च्या नोव्हेंबरात ते मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभराने, पदावर असतानाच वारले. चंद्रपूर-गडचिरोलीत, यवतमाळच्या वणी-पांढरकवड्याकडे अनेक जातींत '-वार' आहे. मुनगंटीवार, वडेट्टीवार, मुत्तेमवार, येरावार ही राजकारणातली नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. नकाशावर पाहिलं तर गडचिरोलीपासून चंद्रपूर, यवतमाळ, किनवट, नांदेड, देगलूर, उदगीर अशी तेलंगणाच्या सीमेला लागून एक पट्टी दिसते. हिंगोली आणि परभणी ही तिची पश्चिमेकडची कड. जालन्याकडे, बीडकडे गेलं की हे आडनाव विरळ होतं. परभणीत ते आहे, पण परभणीच्या पलीकडे ते भेटलं तर बहुधा एखाददुसऱ्या घराचंच.

आणि गंमत म्हणजे सोलापूर. सोलापुरात तेलुगू माणसांची संख्या केवढी मोठी! पद्मशाली विणकर तिथल्या गिरण्यांत आणि यंत्रमागांवर आले, वसाहती झाल्या, तेलुगू शाळा निघाल्या. पण तिथली आडनावं पाहा : आडम, सादूल, कुचन, बोल्ली. कॉम्रेड नरसय्या आडम, लेखक-कवी लक्ष्मीनारायण बोल्ली. घराचं नाव उघडं, पुढे 'वार' नाही. माझा तर्क असा की सोलापूरची वस्ती उशिरा, मोठ्या संख्येने आणि गिरणीच्या हजेरीबुकात नाव लिहून झाली. तिथे नाव स्वतः सांगायचं होतं, आणि स्वतःच्या घराला कुणी आदरार्थी लावत नाही. आपल्याकडे माणसं थोडी थोडी आली आणि त्यांची नावं इतरांनी हाक मारली तशी रुजली. '-वार' हे दुसऱ्याने दिलेलं आडनाव आहे. शेजाऱ्याने दिलेला मान त्यात आहे.

इथून मी माझ्या मुद्द्याकडे येतो, आणि तो जरा बोचणारा आहे.

नांदेड जिल्ह्यात आणि आपल्या पालम-गंगाखेडच्या बाजूला '-वार'बरोबर '-वाड'ने संपणारी आडनावंही आहेत. मेकलवाड, बोईनवाड, चिंतलवाड. मेकल म्हणजे शेळ्यांचा. तेलुगूत 'वारु' म्हणजे 'ते', आदराने. 'वाडु' म्हणजे 'तो', एकेरीत. आपल्याकडे 'ते आले' आणि 'तो आला' यांत जेवढं अंतर, तेवढंच त्या दोन प्रत्ययांत. वखारीच्या मालकाच्या घराला लोक 'वारु' म्हणाले. शेळ्या राखणाऱ्याला, मासे धरणाऱ्याला, शेतात राबणाऱ्याला 'वाडु' म्हणाले. बोलणारे विसरले, भाषा विसरली, दोन्ही घरं मराठी झाली. पण तो 'ते' आणि तो 'तो' आडनावांत तसेच गोठून राहिले. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर पिढ्यान्‌पिढ्या छापत आले.

हा नियम काटेकोर नाही, हेही सांगतो. एकाच जातीत दोन्ही प्रत्यय आढळतात, पैसा आला की 'वाड'चा 'वार' होण्याची वाटही असणारच, आणि गायकवाडांचा 'वाड' या हिशेबात येत नाही. पण एकूण कल नाकारता येत नाही. ज्यांच्याकडे दुकान होतं त्यांच्याकडे 'वार' जास्त, ज्यांच्याकडे फक्त हात होते त्यांच्याकडे 'वाड' जास्त. जातीची उतरंड आपण मंदिराच्या पायरीवर, पाणवठ्यावर, पंगतीत शोधली. ती व्याकरणात शोधायची राहिली.

यात निजामाच्या दप्तराने एक गुंता केला आहे. त्या काळी सरकारी कागद उर्दूत असत. उर्दू लिपीत मराठी शब्दाच्या शेवटचा 'ड' बहुधा 'रे' या अक्षरावर छोटी 'तोय'ची खूण देऊन लिहितात. गायकवाड तसाच लिहिला जातो. म्हणजे 'वार' आणि 'वाड' यांत कागदावर फरक काय, तर अक्षराच्या डोक्यावरची बारीक खूण. घाईत लिहिणाऱ्या मुन्शीने ती खूण दिली नाही की 'वाड'चा 'वार' वाचला जातो. कुणाच्या पूर्वजांना अशा एका विसरलेल्या खुणेने आदर मिळाला असेल, कुणाचा भाऊ 'वार' आणि भाऊ 'वाड' झाला असेल. 2023 पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं पुन्हा उघडली गेली आणि गावोगाव लोकांना कळलं की आजोबांचं नाव कोणत्या अक्षरांत लिहिलं आहे यावर नातवाचं आयुष्य किती अवलंबून असतं. तो विषय आरक्षणाचा, मी त्यात शिरत नाही. पण कागद, लिपी आणि नाव यांचा संबंध किती जिवंत आहे, हे परभणीत आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

आता परदेश.

दक्षिणेकडची आडनावं समुद्र ओलांडून गेली त्याला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. मद्रासहून निघालेलं 'ट्रुरो' जहाज 16 नोव्हेंबर 1860 रोजी नाताळच्या बंदरात, म्हणजे आजच्या डर्बनला, पोचलं. उसाच्या मळ्यांवर राबायला करारबद्ध मजूर घेऊन आलेलं ते पहिलं जहाज. 1911 पर्यंत दीड लाखाहून अधिक माणसं अशी गेली आणि त्यांतली सुमारे दोनतृतीयांश मद्रासमार्गे. कारकून जहाजाच्या यादीत नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव लिहीत. त्यात आडनावाचा रकाना आपल्याला वाटतो तसा नव्हता. जातीची किंवा मानाची पदवी पुढच्या पिढीचं आडनाव झाली. नायडू, पिल्ले, गोवेंडर, मूडली. आज डर्बनमध्ये ही नावं पावलोपावली भेटतात. नेल्सन मंडेलांच्या 1994 च्या मंत्रिमंडळात जय नायडू होते. त्या नायडूंमध्ये घराचं नाव, इंटिपेरु, बहुतेक ठिकाणी कायमचं गेलं. राहिली ती पदवी.

हीच गोष्ट आपल्या नागपुरात घडली आहे आणि ती क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 साली नागपुरात जन्मले, 1932 मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी संघाचं नेतृत्व केलं. सी. के. म्हणजे कोट्टारी कनकय्या. कोट्टारी हे त्यांचं घराचं नाव. धाकटे भाऊ सी. एस. नायडू, तेही कोट्टारीच. हे घर पाचसहा पिढ्या आधी देगलूरला येऊन किराणा दुकान काढून बसलं असतं, तर मराठी लोकांनी त्यांना कोट्टारीवार केलं असतं आणि भारताचे पहिले कर्णधार कनकय्या कोट्टारीवार झाले असते, असं मला नेहमी वाटतं.

'नायडू' हा मुळात 'नायक'च. परभणीच्या कृषी विद्यापीठाला 2013 पासून वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्यांचं बंजारा गोत्र राठोड. 'नाईक' हा तांड्याच्या प्रमुखाचा मान, जो त्या घराचं आडनाव झाला. म्हणजे डर्बनच्या मळेवाल्याच्या यादीतला नायडू, लॉर्ड्सवरचा नायडू आणि आपल्या विद्यापीठाच्या फाटकावरचा नाईक हे एकाच शब्दाचे तीन मुक्काम आहेत.

तेलुगू माणसाचं घराचं नाव आद्याक्षरात लपतं, म्हणून ते परदेशात गेल्यावर अचानक प्रकट होतं. हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री बी. रामकृष्णराव, 'बी' म्हणजे बूर्गुल. पी. व्ही. नरसिंह राव मराठी उत्तम जाणत, ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, रामटेकमधून ते लोकसभेवर गेले. त्यांचं घराचं नाव पामुलपर्ती हे रामटेकच्या किती मतदारांना ठाऊक होतं? त्यांच्या पंतप्रधान कार्यालयात काम केलेले एक सनदी अधिकारी बी. एन. युगंधर. साऱ्या प्रशासनात ते 'युगंधर' म्हणूनच ओळखले गेले. त्या 'एन'मध्ये जे नाव मिटलेलं होतं, ते 2014 साली जगाला कळलं, कारण त्यांचा मुलगा मायक्रोसॉफ्टचा प्रमुख झाला : सत्या नादेल्ला. बापाचं आद्याक्षर मुलाचं आडनाव झालं. अमेरिकन अर्जात 'लास्ट नेम'चा रकाना कोरा सोडता येत नाही. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, त्यांच्या अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. माणूस स्वतः खिडकीसमोर उभा असतो आणि कागद म्हणतो, याचं नाव माहीत नाही.

परभणी-नांदेडचा '-वार' या बाबतीत भाग्यवान. त्याचं आडनाव मराठीनेच मागे नेऊन ठेवलं होतं; अमेरिकेत ते जसंच्या तसं बसलं. अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लेखक डॉ. अनंत लाभसेटवार यांचं आडनाव पाहा. शेट आणि वार, दोन्ही मानाचे; एक आपल्याही ओळखीचा, एक पूर्ण तेलुगू. माणूस मराठीत लिहितो. कृषी विद्यापीठातून, अभियांत्रिकीतून, वैद्यकीयमधून गेलेल्या आपल्या मुलांमध्ये अशी आडनावं आता न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत आहेत. तिथे एक नवा प्रश्न उभा राहतो. गणपतीला ती मुलं महाराष्ट्र मंडळात जातात. 1981 साली शिकागोत स्थापन झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ त्यांना आपलंच वाटतं. पण ऑफिसातले तेलुगू सहकारी आडनाव वाचून विचारतात, तुम्ही कुठले, आणि तेलुगूत बोलायला लागतात. मुलगा गप्प होतो. ज्या भाषेने त्याच्या घराला आदराने हाक मारली ती त्याला येत नाही. ते दोघे मग इंग्रजीत बोलतात.

रोमन लिपीतही अडचण आहे. शेवटचा 'वार' 'डब्ल्यू'ने लिहिला की अमेरिकन माणूस 'वॉर', म्हणजे युद्ध, असं वाचतो. म्हणून काही घरं 'व्ही' लिहू लागली आहेत. कुणी 'टी' एक लावतो, कुणी दोन. एका आजोबांची नातवंडं अशी तीन देशांत तीन स्पेलिंगांनी नोंदली जातात. इंटरनेटवर आडनावांचे जागतिक नकाशे मिळतात, कोणत्या देशात किती माणसं हे आकडे देणारे. तरुण मंडळी ते मोठ्या हौसेने दाखवतात. त्या आकड्यांवर मी विसंबणार नाही. ते स्पेलिंग मोजतात, घर मोजत नाहीत. आणि 'वार'-'वाड'मधलं अंतर तर त्यांना दिसायचंच नाही. न्यू जर्सीच्या शाळेत एक मुलगा 'वार' आणि एक 'वाड' शेजारी बसले, तर शिक्षिकेला ती दोन तितकीच अपरिचित आडनावं. तिथे कुणीच कुणाचा 'तो' नाही. ही मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

पण इथे, परभणीत, आपल्याला ती कळायला हवी. म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी या व्यासपीठावरून जाणूनबुजून करतो. आपल्या नऊ तालुक्यांतल्या जुन्या शाळांची 1948 पूर्वीची दाखल-खारीज रजिस्टरं अनेक ठिकाणी उर्दूत आहेत. कपाटांत आहेत, काहींना वाळवी लागली आहे. त्यांत मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव आहे, आणि त्या अक्षरावरची ती बारीक खूण आहे किंवा नाही हेही आहे. शहरात उर्दू सहज वाचणारे शिक्षक आहेत. तेलुगू जाणणारे नांदेडला, धर्माबादला, बिलोलीला मिळतात. एक उर्दू वाचणारा आणि एक तेलुगू समजणारा शेजारी बसवले, त्यांच्यासमोर पाथरी, गंगाखेड आणि पालम या तीनच तालुक्यांची रजिस्टरं ठेवली, तर कोणतं घर कधी आलं, कोण 'वार' होतं, कोण 'वाड' होतं आणि कोणाचं कधी बदललं, याची पहिली खात्रीची यादी तयार होईल. सुरुवात पाथरीपासून करावी.